ल्युकेमियाचे प्रकार, त्यांचे प्रमाण आणि रक्ततपासणीतील खुणा

ल्युकेमिया हा रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचा कर्करोग आहे. मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीच्या जनुकांत बदल होतो आणि ती अनिर्बंध वाढू लागते. तिच्यापासून झालेल्या पेशी मज्जेतली जागा व्यापतात आणि निरोगी पेशी तयार होणे कमी होते. तांबड्या पेशी घटल्या की रुग्ण फिकट पडतो, त्याला धाप लागते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतात. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, कातडीवर लाल ठिपके आणि काळेनिळे डाग उमटतात. १८४५ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो आणि एडिनबर्गमध्ये जॉन ह्यूजेस बेनेट यांनी या रोगाची स्वतंत्र वर्णने केली. त्यानंतर फिरखोने त्याला ल्युकेमिया हे नाव दिले.

पेशी कोणत्या कुळातल्या आहेत आणि रोग किती वेगाने वाढतो, या दोन निकषांवर ल्युकेमियाचे चार मुख्य प्रकार पडतात. लसिकापेशींच्या कुळातून होणारा तो लिम्फॉइड. न्यूट्रोफिल, मोनोसाइट अशा पेशींच्या कुळातून होणारा तो मायलॉइड. पेशी अगदी अपक्व, म्हणजे ब्लास्ट अवस्थेत अडकून राहिल्या आणि रोग काही आठवड्यांत बळावला तर तो तीव्र. पेशी बऱ्याच अंशी पक्व होत राहिल्या आणि रोग वर्षानुवर्षे सावकाश वाढला तर तो चिरकारी. यावरून तीव्र लिम्फॉइड ल्युकेमिया अर्थात एएलएल, तीव्र मायलॉइड अर्थात एएमएल, चिरकारी मायलॉइड अर्थात सीएमएल आणि चिरकारी लिम्फॉइड अर्थात सीएलएल ही नावे रूढ झाली. रक्ताच्या साध्या तपासणीत या चौघांची चित्रे बरीच वेगळी दिसतात. म्हणून निदानाची पहिली पायरी तालुक्याच्या गावातही चढता येते.

रोग किती आढळतो

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात ल्युकेमियाचे सुमारे ४ लाख ८७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ५ हजार मृत्यू झाले. याच संस्थेने २०२० साठी भारतातला आकडा सुमारे ४८ हजार नवे रुग्ण आणि ३५ हजार मृत्यू असा दिला होता. म्हणजे देशात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साडेतीनच्या आसपास नवे रुग्ण निघतात.

अशा अंदाजांचा पाया म्हणजे कर्करोग नोंदणी केंद्रे. मुंबईची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ मध्ये आला. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला उभी राहिली. विदर्भात नागपूरची नोंदणी जुनी आहे, आणि वर्धा जिल्ह्याची नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून चालते. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्याला सर्वांत जवळची नोंदणी हीच, कारण तालुक्याची सीमा वर्धा नदीला लागते आणि नदीपलीकडे वर्धा जिल्हाच आहे.

देशाची सरासरी यवतमाळ जिल्ह्याला लावली, तर २०११ च्या जनगणनेतील २७ लाख ७२ हजार लोकसंख्येमागे वर्षाला शंभरच्या आसपास नवे रुग्ण अपेक्षित धरावे लागतात. एक लाख वस्तीच्या तालुक्यात हा आकडा तीन-चारवर येतो. ताप आणि रक्तक्षयाचे रुग्ण मात्र दवाखान्यात रोजच येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. इतक्या गर्दीतून वर्षाचे ते तीन-चार रुग्ण वेळेत ओळखणे, हा राळेगावसारख्या ठिकाणी या विषयाचा गाभा आहे.

कोणता प्रकार किती

प्रकारांची वाटणी देशागणिक बदलते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०२४ साठी अमेरिकेत सुमारे ६२ हजार ८०० नव्या रुग्णांचा अंदाज केला. त्यांत एएमएल आणि सीएलएल प्रत्येकी २० हजारांहून थोडे अधिक, सीएमएल ९ हजारांवर आणि एएलएल साडेसहा हजारांच्या घरात होते. तिथे म्हातारपणीचा ल्युकेमिया म्हटला की प्रथम सीएलएल आठवतो.

भारतात हे चित्र उलटते. इथल्या रुग्णालयांच्या मालिकांत सीएलएलचा वाटा साधारणपणे पाच टक्क्यांच्या आत राहतो. प्रौढांत सीएमएल आणि एएमएल पुढे असतात, मुलांत एएलएल. लोकसंख्या तरुण आहे हे याचे एक कारण. पण सीएलएलच्या कमतरतेला तेवढे कारण पुरत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांतही हा रोग तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा कमीच आढळतो, म्हणजे आनुवंशिक घडणीचाही त्यात भाग आहे. वयातही फरक आहे. पाश्चात्त्य देशांत एएमएलचे मध्यम वय सत्तरीला टेकलेले आणि सीएमएलचे साठीच्या पुढचे असते. भारतात दोन्ही रोग चाळिशीच्या आसपासच गाठतात. शेतात राबणारा, घर चालवणारा माणूस त्यात सापडतो.

मुलांच्या कर्करोगांत सुमारे एक तृतीयांश ल्युकेमिया असतो आणि त्यातला तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग एएलएलचा. दोन ते पाच वर्षे हे त्याचे शिखराचे वय. भारतात टी-पेशींच्या एएलएलचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळले आहे. यावरून वयाचा ठोकताळा असा: लहान मूल असेल तर आधी एएलएल, तरुण आणि मध्यमवयीन असेल तर एएमएल किंवा सीएमएल, साठीच्या पुढे एएमएलसोबत सीएलएलचाही विचार. ठोकताळा दिशा दाखवतो. निदान रक्ताने आणि मज्जेनेच होते.

कारणे

बहुतेक रुग्णांत ठरावीक कारण सापडत नाही. निश्चितपणे सिद्ध झालेल्या कारणांत आयनकारी किरणोत्सर्ग, बेंझिन, आणि दुसऱ्या कर्करोगासाठी पूर्वी घेतलेली काही केमोथेरपी औषधे येतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तीव्र ल्युकेमियाचा धोका बराच वाढलेला असतो. रोग संसर्गजन्य नाही आणि सहसा आईवडिलांकडून मुलांकडे जात नाही.

कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधांविषयी विचारणा होणे साहजिक आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती तत्काळ होणारी विषबाधा होती आणि ल्युकेमियाशी तिची गल्लत करू नये. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत पांढऱ्या पेशी काही काळ वाढतात, पण उपचारानंतर त्या खाली येतात. दीर्घकाळ कीटकनाशकांच्या संपर्कात राहणाऱ्यांत रक्ताच्या काही कर्करोगांचे प्रमाण वाढलेले अनेक अभ्यासांत दिसले आहे, तरी ल्युकेमियाच्या बाबतीत हा पुरावा बेंझिनइतका पक्का नाही. हातमोजे, तोंडावर आवरण आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारणी ही काळजी मात्र दोन्ही कारणांसाठी घ्यायची आहे.

सीबीसीचा अहवाल कसा वाचावा

सीबीसी म्हणजे रक्तातील सर्व पेशींची मोजणी. प्रौढांत हिमोग्लोबिन पुरुषांना साधारण १३ ते १७ ग्रॅम आणि स्त्रियांना १२ ते १५ ग्रॅम, पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ४ ते ११ हजार, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख हे निरोगी प्रमाण धरतात. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल ४० ते ८० टक्के, लिम्फोसाइट २० ते ४०, मोनोसाइट २ ते १०, इओसिनोफिल १ ते ६ आणि बेसोफिल फार तर एक-दोन टक्के असतात. पाच वर्षांच्या आतील मुलांत लिम्फोसाइटचे प्रमाण निसर्गतःच जास्त असते, म्हणून त्यांचा अहवाल मोठ्यांच्या मापाने वाचता येत नाही.

अहवालातला एकच आकडा सहसा काही सिद्ध करत नाही. नुसते हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशींचा आकार लहान, तर बहुधा लोहाची कमतरता. नुसत्या प्लेटलेट कमी आणि बाकी सारे ठीक, तर प्लेटलेटचा स्वतंत्र आजार किंवा नळीतल्या ईडीटीएमुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होऊन आलेला खोटा कमी आकडा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तीन ओळींपैकी दोन किंवा तिन्ही एकाच वेळी बिघडल्या, की संशय मज्जेवर जातो. ल्युकेमियातल्या रक्तक्षयात तांबड्या पेशींचा आकार सहसा सामान्य राहतो. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर या गोष्टीकडे लक्ष द्यावे.

लहान प्रयोगशाळांत बहुधा पांढऱ्या पेशींचे तीन गट पाडणारे यंत्र असते. ते पेशी आकारावरून वेगळ्या करते, त्यामुळे ब्लास्ट पेशी कधी लिम्फोसाइटमध्ये तर कधी मधल्या गटात मोजल्या जातात. अहवालावर लिम्फोसाइट ८० टक्के छापून येते आणि प्रत्यक्षात त्या ब्लास्ट असतात. पाच गट पाडणारी यंत्रे शंकेची सूचना देतात, निर्णय तीही देत नाहीत. निर्णय स्मिअरवर होतो: रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ ओढून, लिशमन रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. कमी खर्चाची ही तपासणी ल्युकेमियाच्या शोधात सर्वांत मोलाची आहे. राज्य शासनाच्या आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत महालॅब सेवेतून रक्ततपासण्या मोफत होतात. तपासणीच्या चिठ्ठीवर सीबीसीसोबत स्मिअर लिहिले जाणे आणि तो पॅथॉलॉजिस्टने पाहणे, एवढे पुष्कळदा पुरते.

तीव्र लिम्फॉइड ल्युकेमिया

मूल काही आठवड्यांपासून मलूल आहे, फिकट दिसते, ताप येतो-जातो, पाय दुखतात म्हणून चालायला कुरकुर करते, मानेत गाठी आहेत, यकृत आणि पाणथरी हाताला लागतात. एएलएलची ही नेहमीची सुरुवात. हाडांच्या दुखण्यामुळे त्याला संधिवात समजण्याची चूक सहज घडते.

रक्तात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बहुतेक रुग्णांत घटलेल्या असतात. पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र फसवा असतो. निम्म्याच्या आसपास मुलांत तो १० हजारांच्या आत असतो, म्हणजे सामान्य किंवा कमी. सुमारे एक पंचमांश मुलांतच तो ५० हजारांवर जातो. पेशी वाढल्या नाहीत म्हणून ब्लड कॅन्सर नाही, हा समज या रोगात सर्वाधिक घातक ठरतो. एकूण आकडा सामान्य असला तरी न्यूट्रोफिल फारच थोडे असतात. स्मिअरमध्ये लहान ते मध्यम आकाराच्या, मोठ्या केंद्रकाच्या आणि जेमतेम कडेपुरत्या पेशीद्रवाच्या ब्लास्ट दिसतात. रक्तात यूरिक आम्ल आणि एलडीएच वाढलेले असतात. टी-पेशींच्या प्रकारात रुग्ण बहुधा किशोरवयीन मुलगा असतो, पांढऱ्या पेशी खूप वाढतात आणि छातीच्या एक्स-रेत मधोमध गाठीची सावली येते.

पांढऱ्या पेशींचा आकडा पुढचा अंदाजही सांगतो. वय एक ते दहा वर्षांच्या आत आणि पेशी ५० हजारांच्या आत असलेल्या मुलांचा रोग कमी धोक्याचा धरतात. संपन्न देशांत एएलएलची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. भारतातल्या चांगल्या केंद्रांतही बहुसंख्य बरी होतात, पण उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि ते अर्ध्यावर सोडणे हे अपयशाचे मोठे कारण ठरते.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया

एएमएल सर्व वयांत होतो आणि प्रौढांच्या तीव्र ल्युकेमियात त्याचाच वाटा मोठा. ताप, थकवा आणि रक्तस्राव ही मुख्य लक्षणे. मोनोसाइटच्या कुळातल्या उपप्रकारांत हिरड्या सुजतात. गाठी आणि पाणथरी एएलएलइतक्या वाढत नाहीत.

पांढऱ्या पेशी इथेही कमी, सामान्य किंवा लाखावर, कशाही असू शकतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरतात. स्मिअरमधल्या ब्लास्ट एएलएलपेक्षा मोठ्या असतात, त्यांच्या पेशीद्रवात कण असतात, आणि काहींत लालसर काडीसारखी आकृती दिसते. तिला ऑएर दंड म्हणतात. तो दिसला की पेशी मायलॉइड कुळातली, यात शंका राहत नाही. मज्जेत किंवा रक्तात २० टक्के ब्लास्ट ही निदानाची रूढ सीमा आहे. विशिष्ट जनुकीय बदल सापडल्यास कमी ब्लास्ट असूनही निदान होते. पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या तर रक्त घट्ट होऊन मेंदू आणि फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्या तुंबण्याची भीती असते. अशा वेळी हिमोग्लोबिन कमी दिसते म्हणून घाईने रक्त चढवल्यास घट्टपणा आणखी वाढतो.

एएमएलचा प्रोमायलोसाइटिक हा उपप्रकार, एपीएल, वेगळा सांगायला हवा. त्यात पांढऱ्या पेशी बहुधा कमी असतात, प्लेटलेट फार कमी, रक्त गोठण्याचा वेळ लांबलेला, फायब्रिनोजेन उतरलेले आणि डी-डायमर वाढलेले. स्मिअरमध्ये कणांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतात आणि काहींत ऑएर दंडांचे जुडगे असते. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे मूळ. पहिल्या काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने रुग्ण जाऊ शकतो, म्हणून नुसत्या संशयावर एट्रा हे औषध त्वरित सुरू करतात आणि खातरजमा नंतर होते. एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइडने ते पहिले दिवस पार पडलेले बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. वेळेत वाचलेला एक स्मिअर इथे थेट जीव वाचवतो.

चिरकारी मायलॉइड ल्युकेमिया

सीएमएलचा रुग्ण बहुधा तीस ते पन्नास वयाचा असतो. डाव्या बरगडीखाली जडपणा, थोडे खाल्ले की पोट भरणे, वजन उतरणे, घाम येणे या तक्रारी असतात. काहींना काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत रोग सापडतो. पाणथरी बेंबीपर्यंत वाढलेली आढळते.

चौघांपैकी सीबीसीवर सर्वांत ठळक दिसणारा रोग हाच. पांढऱ्या पेशी अनेकदा लाखाच्या वर असतात. स्मिअरमध्ये न्यूट्रोफिलच्या वाढीच्या सर्व अवस्था एकत्र दिसतात: मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड आणि पक्व न्यूट्रोफिल. मायलोसाइट आणि पक्व न्यूट्रोफिल यांची संख्या उठून दिसते. बेसोफिल वाढलेले असतात आणि इओसिनोफिलही. ब्लास्ट थोड्याच असतात. प्लेटलेट सामान्य किंवा वाढलेल्या, हिमोग्लोबिन किंचित कमी. ब्लास्ट २० टक्क्यांवर गेल्या की रोग तीव्र ल्युकेमियासारखा झाला असे समजतात. त्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. बेसोफिल २० टक्क्यांवर जाणे किंवा उपचारांचा परिणाम नसताना प्लेटलेट घसरणे हे त्या दिशेचे इशारे आहेत.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ती ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल असल्याचे दाखवले. त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते. ते रक्तातच पीसीआरने सापडते, त्यामुळे निदानाची खात्री रक्ताच्या नमुन्यावर होऊ शकते. या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये आली आणि काही वर्षांत प्राण घेणारा रोग रोजच्या गोळीवर राहू लागला. मूळ औषधाचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजारांच्या घरात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळल्याने स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. नियमित गोळी घेणाऱ्या बहुतेक रुग्णांचे आयुर्मान आज इतरांच्या जवळ पोहोचले आहे.

चिरकारी लिम्फॉइड ल्युकेमिया

सीएलएल हा उतारवयाचा आणि संथ रोग. मानेत, काखेत न दुखणाऱ्या गाठी किंवा नुसता सीबीसीचा विचित्र आकडा एवढ्यावर तो उघड होतो. निदानासाठी एकाच वंशाचे बी-लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर ५ हजार किंवा त्याहून अधिक, किमान तीन महिने टिकून असावे लागतात. स्मिअरमध्ये लहान, पक्व दिसणारे लिम्फोसाइट दाटलेले असतात आणि मध्ये मध्ये काचेवर ओढताना फुटलेल्या पेशींचे डाग, ज्यांना स्मज पेशी म्हणतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सुरुवातीला ठीक असतात. त्या पुढे उतरल्या की रोगाची पायरी वाढली असे धरतात. काही रुग्णांत शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी मोडू लागते, तेव्हा कूम्ब्स चाचणी उपयोगी पडते. पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असूनही त्रास नसेल तर औषध न देता दर काही महिन्यांनी तपासत राहणे हाच या रोगाचा मान्य उपचार आहे. घरच्यांना हे पटवून देणे उपचाराइतकेच महत्त्वाचे.

विरळ प्रकारांपैकी दोन रक्ताच्या अहवालावरून सुचतात. हेअरी सेल ल्युकेमियात तिन्ही ओळी उतरतात, मोनोसाइट जवळजवळ नाहीसे होतात आणि पाणथरी मोठी असते. चिरकारी मायलोमोनोसाइटिक ल्युकेमियात उलट मोनोसाइट महिनोन्महिने वाढलेले राहतात.

ल्युकेमियासारखे दिसणारे इतर अहवाल

विदर्भात या भागाचे महत्त्व मोठे आहे. राळेगाव तालुक्यात कोलाम, गोंड आणि इतर आदिवासी समाजांची वस्ती आहे आणि मध्य भारतातल्या सिकलसेलच्या पट्ट्यात हा प्रदेश येतो. सिकलसेलच्या रुग्णात पांढऱ्या पेशी एरवीही १२ ते २० हजार असू शकतात. त्यातच केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी रक्तात येतात आणि यंत्र त्यांना पांढऱ्या म्हणून मोजते. अशा वेळी दर शंभर पांढऱ्यांमागे त्या किती आहेत हे स्मिअरवर मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. हाडे दुखणे आणि फिकटपणा दोन्ही रोगांत असतो. स्मिअरमधल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी आणि हिमोग्लोबिनची स्वतंत्र तपासणी फरक सांगते. उलट, सिकलसेल आहे म्हणून माहीत असलेल्या मुलात प्लेटलेट अकारण उतरल्या तर दुसरा रोग शोधावा.

पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यू, हिवताप आणि स्क्रब टायफस या तापांत प्लेटलेट घसरतात. लोक त्याला पेशी कमी झाल्या असे म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही कमी होतात आणि वेगळ्या आकाराचे लिम्फोसाइट दिसतात. पण रक्त दाट होण्याची वृत्ती असते, हिमोग्लोबिन उतरत नाही, आणि आठ-दहा दिवसांत आकडे सावरतात. ताप गेल्यावर दोन आठवड्यांनीही प्लेटलेट चढत नसतील किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर तो डेंग्यू मानून थांबता येत नाही.

तीव्र जंतुसंसर्गात, क्षयरोगात पांढऱ्या पेशी ५० हजारांवरही जातात. या प्रतिक्रियेत न्यूट्रोफिलमध्ये ठळक कण दिसतात, बेसोफिल वाढत नाहीत आणि बीसीआर-एबीएल सापडत नाही. डांग्या खोकल्यात लहान मुलांचे लिम्फोसाइट भरमसाट वाढतात. जंत आणि हत्तीरोगाच्या परजीवींमुळे इओसिनोफिल वाढतात.

बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेत तिन्ही ओळी उतरतात आणि चित्र तीव्र ल्युकेमियासारखे भासते. इथे तांबड्या पेशी मोठ्या असतात, सरासरी आकार १०० फेम्टोलिटरच्या वर, आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा खंड दिसतात. या रक्तक्षयाचा ल्युकेमियाच्या उपचाराशी ऐतिहासिक संबंध आहे. लुसी विल्स यांनी मुंबईतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी असल्याचे १९३१ मध्ये दाखवले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. फोलेटला अडवणारे अमिनोप्टेरिन येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्याने एएलएलच्या मुलांत रोग तात्पुरता हटल्याचे प्रसिद्ध केले. रक्ताच्या कर्करोगाच्या औषधोपचाराचा पाया तिथे पडला.

चित्र बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे स्टिरॉइड. ताप, सांधेदुखी किंवा गाठींसाठी डेक्सामेथासोन वा प्रेडनिसोलोन आधीच दिले गेले, तर एएलएलच्या ब्लास्ट तात्पुरत्या विरघळतात, अहवाल सुधारल्यासारखा दिसतो, निदान लांबते आणि रोग पुढे उपचारांना दाद देईनासा होऊ शकतो. कारण कळलेले नसताना स्मिअर न पाहता स्टिरॉइड देऊ नये.

निदानाची निश्चिती

स्मिअरने संशय आला की मज्जेचा नमुना घेतात. तो कमरेच्या हाडातून, जागा बधिर करून काढला जातो. पेशींचे कुळ फ्लो सायटोमेट्रीने ठरते: पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा प्रतिपिंडांनी ओळखल्या जातात. सीडी-१९ बी-लिम्फॉइडची, सीडी-३ टी-लिम्फॉइडची, सीडी-१३ आणि सीडी-३३ मायलॉइडची खूण. सीएलएलमध्ये सीडी-५ आणि सीडी-२३ दोन्ही बी-पेशींवर दिसतात. गुणसूत्रांची आणि जनुकांची तपासणी उपप्रकार, धोका आणि औषध ठरवते.

राळेगावहून यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील रुग्णालये, आणि पुढे नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि एम्स ही वाट आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथेच १९८३ मध्ये भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या संशोधनातून आलेली भारतीय बनावटीची कार-टी पेशी उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली. ती बी-पेशींच्या काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांसाठी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मान्य रुग्णालयांतील केमोथेरपीचा खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवल्याने वेळ वाचतो.

कोणता अहवाल आल्यावर थांबू नये, हे असे सांगता येते. स्मिअरमध्ये ब्लास्ट, कोणत्याही दोन ओळी एकत्र उतरलेल्या आणि कारण स्पष्ट नसलेले, पांढऱ्या पेशी ५० हजारांवर, फिकटपणा किंवा तापासोबत रक्तस्राव, मुलात हाडदुखीसह पाणथरी वाढलेली. यांतले काहीही असेल तर रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाकडे निघावा, आणि पहिल्या स्मिअरची काचपट्टी व अहवाल त्याच्यासोबत जावेत.

उपचारादरम्यानच्या तपासण्या

उपचार सुरू झाल्यावर हीच सीबीसी मार्गदर्शक होते. तीव्र ल्युकेमियात रोग हटला असे म्हणण्यासाठी मज्जेतल्या ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत, न्यूट्रोफिल १ हजारावर आणि प्लेटलेट लाखावर याव्या लागतात. त्यानंतरही उरलेल्या मोजक्या रोगपेशी फ्लो सायटोमेट्री किंवा पीसीआरने शोधतात. सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएलचे प्रमाण पाहिले जाते. तीन महिन्यांत ते १० टक्क्यांखाली आणि वर्षभरात ०.१ टक्क्याखाली यावे, ही अपेक्षा. ते पुन्हा वाढू लागले तर गोळ्या चुकत आहेत का हे प्रथम विचारतात, मग औषध बदलण्याचा विचार होतो.

केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेले आणि ताप आला, तर ती तातडीची वेळ असते, कारण साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. रुग्ण तेव्हा बहुधा गावी परतलेला असतो. म्हणून उपचारांच्या काळात सीबीसी ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रात करावी, अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावा, आणि ताप १०१ अंशांवर गेल्यास गोळी देऊन वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू होईल अशा रुग्णालयात रुग्णाला न्यावे.